शाहू महाराज, ताराराणी आणि कॅरमच्या सोंगट्या

अमेरिकेचं यादवी युद्ध मी साताऱ्यात, शनिवार पेठेतल्या आमच्या माडीवर बसून बरेचदा लढलोय. कधी उत्तरेकडून, कधी दक्षिणेकडून. 'अ हाउस डिव्हायडेड' नावाचा पटावरचा खेळ आहे, फ्रँक चॅडविक यांनी रचलेला, 1981 साली निघालेला. नकाशावर शहरांच्या चौकटी आणि त्यांना जोडणारे लोहमार्ग, नद्या, रस्ते. फासा टाकायचा आणि जो आकडा पडेल त्यावर त्या खेपेला किती कूच करायच्या ते ठरतं. नवखं सैन्य लढत लढत मुरतं, मग त्याची सोंगटी बदलायची. नियम थोडे आहेत, पण डोकं तापवायला पुरतात.

खेळ झकास आहे, तरी त्यात एक गोष्ट मला हळूहळू टोचायला लागली. उत्तरेची निळी सोंगटी शेवटपर्यंत निळी राहते आणि दक्षिणेची करडी करडीच राहते. अमेरिकेच्या बाबतीत ते बरोबरच आहे म्हणा. दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते 1861 च्या एप्रिलात ठरवलं आणि मग शेवटपर्यंत तिथंच राहिले. ऐन लढाईत सेनापतीच पलीकडे निघून गेला, असं त्या युद्धात झालं नाही. आपल्याकडे नेमकं तेच झालं, आणि तेही सुरुवातीलाच.

12 ऑक्टोबर 1707. भीमेकाठचं खेड. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले पंचवीस वर्षांचे शाहू महाराज एका बाजूला आणि त्यांच्या चुलती महाराणी ताराबाईंची फौज दुसऱ्या बाजूला. त्या फौजेचे सेनापती धनाजी जाधव आतून शाहूंना वळलेले. लढाईचा देखावा झाला, धनाजी शाहूंना मिळाले आणि परशुरामपंत प्रतिनिधी माघारी साताऱ्याला आले. पुढच्या जानेवारीत, 12 तारखेला, शाहूंचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला. आमच्या माडीच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. तो समोर असताना मी गेटिसबर्ग का लढवत बसलोय, असं एकदा मनात आलं आणि तिथून सातारा-कोल्हापूरच्या यादवीचा खेळ करायचं डोक्यात बसलं.

युद्धखेळांची परंपरा मोठी आहे. प्रशियाच्या सैन्यात 1824 च्या सुमाराला अधिकारी नकाशावर ठोकळे सरकवून सराव करायचे. अमेरिकेत ॲव्हलॉन हिल कंपनीनं 1958 साली गेटिसबर्गच्या लढाईचा खेळ बाजारात आणला आणि हा छंद घराघरांत गेला. 1993 साली मार्क हर्मन यांनी पत्त्यांवर चालणारा युद्धखेळ काढला. हातात येतील त्या पानांवर खेळायचं: काही पानांवर सैन्य हलतं, काहींवर ऐतिहासिक घटना घडतात. या तिन्हींतून मी उचलेगिरी केली. पण सगळ्यात जास्त उचललं ते 'किंगमेकर' या 1974 च्या इंग्रजी खेळातून. इंग्लंडमधल्या 'गुलाबांच्या युद्धां'वरचा हा खेळ. त्यात खेळणारा राजा नसतोच. तो सरदारांच्या एका गटाचा म्होरक्या असतो आणि गादीचे वारस ही पटावरची प्यादी असतात. ज्याच्या हाती जिवंत वारस, त्याचा जोर. ताराबाईंचे पुत्र आणि त्यांच्या बाजूचे छत्रपती शिवाजी (दुसरे) 1707 साली अकरा वर्षांचे होते, हे आठवून पाहा म्हणजे मला तो खेळ इतका जवळचा का वाटला ते कळेल.

नकाशापासून सुरुवात केली. युद्धखेळांच्या नकाशावर नेहमी असतात ती षटकोनी घरं पहिल्यांदाच बाद. सह्याद्रीत सैन्य कुठूनही कुठं जात नाही, घाटानं जातं. म्हणून चौकटी आणि वाटा. वर भीमेवरचं खेड, मग पुणे, सासवड, राजगड, वाई, सातारा, परळी, कऱ्हाड. खाली पन्हाळा, विशाळगड, रांगणा. पश्चिमेला आंगऱ्यांचा कुलाबा. वारणा निळ्या जाड रेघेनं काढली, कारण ही गोष्ट शेवटी तिथंच जाऊन थांबायची होती. 1731 च्या वारणेच्या तहानं तीच नदी सरहद्द झाली.

इथं माझा मावसभाऊ आडवा आला. तो सांगलीचा. आल्या आल्या त्यानं नकाशावर बोट फिरवलं आणि विचारलं, "दादा, सांगली कुठाय?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

म्हटलं, बाबा रे, सांगलीला राजधानीचा मान मिळाला तो चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांमुळे, 1801 साली. माझा खेळ त्याच्या चांगला नव्वद वर्षं आधीचा. मग म्हणाला, मिरज तरी दे. मिरज होती, पण हिरवी, म्हणजे मोगलांची. मिरजेचा किल्ला शाहूंनी घेतला 1739 मध्ये. "म्हणजे माझ्या घरापासून दोन कोसांवर तुझे मोगल," असं म्हणून तो जो रुसला तो चहा येईपर्यंत.

सरदारांच्या सोंगट्यांना मी कॅरमच्या सोंगट्या वापरल्या. जुन्या सेटातल्या, लाकडी. पांढऱ्या आणि काळ्या असा भेद मुद्दाम ठेवला नाही, सगळ्यांवर एकाच रंगाचा गोल कागद चिकटवला. वर नाव आणि बळाचा आकडा. आणि सोंगटीच्या खाली, पालथी, एक छोटी चिठ्ठी.

ही चिठ्ठी म्हणजे माझा खरा खेळ. चिठ्ठ्या तीन प्रकारच्या: पक्का, डळमळीत आणि फितूर. खेळ सुरू होताना सगळ्या एका बटव्यात घालून हलवायच्या आणि न बघता एकेक सोंगटीखाली सरकवायची. लाकडी ठोकळे उभे ठेवून आपलं बळ समोरच्यापासून लपवायचे खेळ 1970 च्या दशकापासून आहेत. पण त्यात आपली सोंगटी आपल्याला दिसते. माझ्या खेळात चिठ्ठी कुणालाच दिसत नाही. धनाजी तुमचे सेनापती आहेत, बळ सगळ्यात जास्त, पण खाली काय आहे ते तुम्हालाही ठाऊक नाही. चिठ्ठी उलटायची वेळ तीन प्रसंगी येते: सरदार खुद्द समोरच्या छत्रपतींच्या फौजेशी भिडला, समोरच्यानं 'बोलणी' हे पान टाकलं, किंवा त्या सरदाराचं वतन शत्रूच्या हाती गेलं.

हे असं का करावं लागलं, तर मागाहूनच्या शहाणपणावर दुसरं औषध नाही. इतिहास माहीत असलेला कुणीही ताराबाईंकडून खेळताना धनाजींना खेडला धाडणारच नाही. प्रत्येक ऐतिहासिक खेळाचं हे दुखणं आहे. वॉटर्लू खेळणाऱ्यालाही प्रशियन सैन्य येणार हे माहीत असतंच. चिठ्ठी बटव्यातून आली की धनाजी कधी पक्के निघतात, कधी नाही. ताराबाईंच्या खेळाडूला एक पान जास्तीचं दिलंय, 'दूधभात'. सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथ घेववली होती असं सांगतात. ते पान टाकलं की फितुरीच्या फाशात एक आकडा आपल्या बाजूनं मिळतो. एकच. शपथेला याहून जास्त भाव द्यायला मन झालं नाही.

वतनाचा नियम मला शेख मिरानं सुचवला. साताऱ्याचा किल्ला परशुरामपंतांच्या ताब्यात होता आणि शेख मिरा किल्लेदार. त्याची बायकापोरं वाईत. शाहूंनी ती ताब्यात घेतली, तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली, तेव्हा शेख मिरानं पंतांनाच कैद केलं आणि दरवाजे उघडले, अशी हकिकत आहे. म्हणजे साताऱ्याचा किल्ला पडला तो साताऱ्यात नाही, वाईत. पटावर हे कसं दाखवायचं? प्रत्येक किल्लेदाराच्या नावाची एक छोटी चौकोनी खूण दुसऱ्याच एखाद्या गावावर ठेवायची. तिथं त्याचं घरदार. नवखा खेळाडू किल्ल्याला वेढा घालून बसतो, फासे टाकतो, माणसं घालवतो. सरावलेला आधी वाईला जातो.

छपाईची गंमत सांगण्यासारखी आहे. नकाशा मोठा, घरच्या प्रिंटरवर होणार नाही, म्हणून पोवई नाक्याच्या बाजूला एका फ्लेक्सवाल्याकडे गेलो. त्यानं पेन ड्राइव्ह लावला, पडद्यावर नकाशा उघडला आणि बराच वेळ बघत राहिला.

"वाढदिवस कुणाचा?"

"वाढदिवस नाही, खेळ आहे."

"असू दे की. पण फोटो कुणाचा टाकायचा? खाली शुभेच्छुकांची नावं?"

समजावून सांगितल्यावर मात्र पठ्ठ्या कामाला लागला. स्वतःच म्हणाला, फ्लेक्सवर नको, सोंगट्या घसरतील. साध्या कागदावर काढू, वरून मॅट लॅमिनेशन करू आणि सनबोर्डला चिकटवू. चकचकीत लॅमिनेशन केलं असतं तर ट्यूबलाइट थेट पन्हाळ्यावर चमकली असती. जाता जाता त्यानं एक शंका काढली, "ह्यात शाहू महाराज हरू शकतात?" हो म्हटलं. "मग साताऱ्यात विकू नका," म्हणाला.

त्याचं बोलणं चेष्टेतलं असलं तरी तो प्रश्न माझ्या मनात होताच. छत्रपतींच्या नावाची सोंगटी करायची, ती मारायची, डब्यात टाकायची, हे माझ्या स्वतःच्याच गळी उतरत नव्हतं. आईनं तर पहिल्या दिवशी बजावलं, "महाराजांचं नाव असलेलं जमिनीवर मांडू नका, पाय लागंल." तेव्हापासून पट टेबलावरच. नियमातही तसंच केलं: दोन्ही छत्रपती आणि ताराराणी यांच्या सोंगट्या मरत नाहीत. हरल्या तर मागे हटतात आणि बाजूच्या पट्टीवरचा 'दरारा' एक घर खाली येतो. खेळाच्या दृष्टीनं हे सोयीचंच ठरलं. त्या यादवीत कुणी कुणाच्या राजाला रणात मारलंच नव्हतं.

ताराराणींच्या सोंगटीवरून माझ्या थोरल्या बहिणीशी वाजलं. पहिल्या आराखड्यात त्यांची सोंगटी पन्हाळ्यावर बसून असायची आणि बळ शून्य, नुसता दरारा. ताई म्हणाली, "राजाराम महाराज गेल्यावर 1700 ते 1707, औरंगजेब जिवंत असताना मोहिमा कुणी आखल्या? आणि तू त्यांना गडावर बसवून ठेवतोस?" तिचं खरं होतं. आता ताराराणी ज्या चौकटीत असतील तिथल्या सगळ्या सरदारांच्या चिठ्ठ्या एका पायरीनं पक्क्या धरायच्या. डळमळीत असेल तो पक्का, फितूर असेल तो डळमळीत. त्या किती चौकटींना पुऱ्या पडणार, हाच मग त्या बाजूच्या खेळाडूचा पेच होतो. कोकणात जावं तर पन्हाळा उघडा पडतो.

माडीवरच्या पहिल्या पुऱ्या डावाला मावसभाऊ ताराबाईंकडून बसला. इतिहास त्याला पाठ. धनाजींना त्यानं पन्हाळ्याबाहेर काढलंच नाही. खेडला एकटे परशुरामपंत गेले आणि फुटले. सातारा गेला, कऱ्हाड गेलं. धनाजी आपले पन्हाळ्यावर, सगळ्यात मोठी फौज घेऊन, स्वस्थ. बरंच पुढे गेल्यावर मी 'बोलणी'चं पान टाकलं आणि चिठ्ठी उलटली. पक्का.

"आयला, हा माझाच होता की!" म्हणून त्यानं कपाळावर हात मारला. "दादा, ह्याला खेडला नेला असता तर तू परत खानदेशात असतास."

त्या क्षणी मला खेळ जमला असं वाटलं. फितूर सरदार एकदाच दगा देतो. पण हा फितूर असेल या धास्तीनं जो बाजूला बसवला जातो, तो डावभर फुकट जातो. यादवीच्या खेळात मला जे हवं होतं ते हेच: समोरच्याच्या सैन्यापेक्षा आपल्याच माणसांकडे जास्त वेळ बघत बसणं. अमेरिकेच्या पटावर उत्तरेकडून खेळताना मी कधी माझ्याच सेनापती ग्रँटकडे संशयानं पाहिलं नव्हतं.

पावसाळ्याचा नियम सोपा होता. वर्षाचे दोन भाग: पाऊस आणि मोहीम. पावसात सैन्य हलत नाही. बोलणी, पैसा आणि शपथा तेवढ्या चालतात. दसऱ्याला सीमोल्लंघन, मग हलायचं.

पैशाचं मात्र लवकर जुळेना. शाहूंकडे सुरुवातीला नाव होतं आणि तिजोरी रिकामी. सावकारांकडून पैसा उभा करणारा माणूस म्हणजे बाळाजी विश्वनाथ. पण त्यांचं पान शाहूंच्या हाती लवकर आलं की खेळच संपायचा. पुढच्या दोन पावसांत सगळी सोंगटी-फौज साताऱ्याकडे. उशिरा आलं तर शाहू भिकेला लागायचे. आमच्या शेजारी निवृत्त इतिहासशिक्षक राहतात. सर रोज संध्याकाळी डोकावायचे, खेळायचे नाहीत, नुसते खुर्चीवर बसून चष्म्यावरून बघायचे. एकदा म्हणाले, "तुम्ही बाळाजीपंतांचं आणि चंद्रसेनांचं पान वेगळं का ठेवलंय?"

एवढं म्हणून ते थांबले, पण गाठ सुटली. धनाजी 1708 मध्ये वारले आणि सेनापतिपद त्यांचे पुत्र चंद्रसेन यांना मिळालं. 1711 मध्ये चंद्रसेन आणि बाळाजींचं बिनसलं, शिकारीतल्या एका हरणावरून असं म्हणतात. बाळाजी जीव घेऊन पळाले ते पांडवगडावर, म्हणजे वाईजवळच. शाहूंनी बाळाजींची बाजू घेतली, हैबतराव निंबाळकरांना चंद्रसेनांवर धाडलं. चंद्रसेन ताराबाईंकडे आणि पुढे निजामाकडे गेले. बाळाजी सेनाकर्ते झाले आणि 1713 मध्ये पेशवे. म्हणजे शाहूंना बाळाजी मिळाले ते सेनापती गमावून. आता दोघांचं मिळून एकच पान आहे, 'हरीण'. ते टाकायचं तर सगळ्यात बळाची सोंगटी समोरच्याला द्यायची आणि मग दर पावसाळ्याला पैसा घ्यायचा. शाहूंचा खेळाडू ते पान हातात धरून घुटमळतो, टाकू की नको, टाकू की नको. असं पान एखादंच जमतं.

कान्होजी आंगऱ्यांना मी तिसरा पक्ष केलंय, कुणाच्याच हातात नसलेला. ते ताराबाईंच्या बाजूचे. शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केलं होतं. मग बाळाजी गेले, लढायला म्हणून निघाले आणि 1714 मध्ये तह करून आले. सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, आणि किल्ले देऊन आंगऱ्यांचा कोकणकिनारा शाहूंकडे. पटावर आंगऱ्यांवर हल्ला करता येतो, पण कुणी करत नाही; एकदा करून बघितलं की परत करावासा वाटत नाही.

जिंकलं कोण हे ठरवायचं तेव्हा माडीवर खरी लढाई झाली. अमेरिकेच्या खेळांत ते सरळ असतं: उत्तरेनं जिंकून घ्यायचं आणि दक्षिणेनं तग धरायचा. मी आधी तसंच लिहिलं. 1714 साल संपेपर्यंत पन्हाळा राहिला तर ताराबाईंचा विजय. भावानं हिशेब मांडला, "1714 ला पन्हाळा राहिलाच होता, पण ताराबाईच कैदेत गेल्या." तेही खरं. ताराबाईंच्या सवत राजसबाई यांनी त्याच वर्षी आपल्या संभाजींना गादीवर बसवलं आणि ताराबाई व त्यांच्या मुलाला कैदेत टाकलं. यादवीच्या पोटात दुसरी यादवी. पन्हाळा राहिला तो राजसबाईंसाठी. म्हणून शेवटच्या पावसाळ्यात ताराराणींचा दरारा ठरावीक घराच्या खाली असेल तर 'राजसबाई' आपोआप घडते आणि तो खेळाडू गड राखूनही हरतो. भाऊ याला अजून अन्याय म्हणतो.

सरांनी आणखी लांबचा फासा टाकला. म्हणाले, "साताऱ्याची गादी इंग्रजांनी 1848 मध्ये खालसा केली. कोल्हापूरचं संस्थान 1949 मध्ये विलीन झालं. शंभर वर्षं जास्त कोण टिकलं?" भाऊ उड्या मारायला लागला. मी म्हटलं, सर, 1848 पर्यंत पट मांडून ठेवायला आमच्याकडे टेबल एकच आहे.

सध्या एकाच नियमावर घासाघीस चाललीय. शाहूंच्या मातोश्री येसूबाई मोगलांकडे ओलीस होत्या, त्या बाळाजींनी दिल्लीहून 1719 मध्ये सोडवून आणल्या. म्हणजे माझ्या खेळाच्या सबंध काळात त्या कैदेतच. आत्ताचा नियम असा: शाहूंच्या खेळाडूनं पटावरच्या कुठल्याही हिरव्या चौकटीवर हल्ला केला की त्याचा दरारा दोन घरं उतरतो आणि पुढच्या पावसात बोलणीचं पान टाकता येत नाही. भावाचं म्हणणं, हे फार जाचक आहे, एक घर पुरे. त्याला मिरज घ्यायचीय, दुसरं काय! नियम पेन्सिलीनं लिहिलाय, पण दोन घरं तशीच आहेत.